सरकार खुंटीवर

आर्णी,
ता. १२ सप्टेंबर १९६५

चि. पंचफुला हिले मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडील क्षेम आहे. तिकडचं क्षेम सारा दारव्हा गाव सांगत फिरून राह्यला, म्हणून वेगळं विचारत नाही.

तुझा नातू नागोराव पोलिसात लागला हे मले बाजारात वांगे विकणाऱ्या बाईनं सांगतलं. सख्ख्या बहिणीच्या घरची गोष्ट मले वांग्याच्या टोपलीपाशी समजते. तुझं पत्र मागून आलं. त्यात पानभर नागोराव आणि शेवटी एक ओळ माझ्या गुडघ्याची. चाला, गुडघ्याले तरी जागा उरली.

तू देवसिंग ड्रायव्हरच्या मोटरीनं पाठवलेली खाकी चड्डी आमच्या मारोतीनं कमरेत घेऊन देली आहे.  मी पाह्यलं, पोरानं टाके घातले, उसवले, मग पुन्हा घातले. तोही नागोरावसंगच भरतीले गेलता. एकाच सायबानं दोघांच्या छातीले टेप लावला. तुझ्या नातवाची भरली, माझ्या नातवाची बोटभर कमी पडली, म्हणून शिलाईच्या मशीनवर परत. तुझ्या घरी म्हैस, माझ्या घरी शेळी. सायबानं पोरं नाही मोजली, जनावरं मोजली.

तुले लहानपणापासून सगळं मापात भरून मिळालं. बाबानं तुले शाळेत घातलं आणि मले शेणात. दोन इयत्ता गिरवल्यास म्हणून आज मास्तरणीवाणी मला-तुला लिहितेस. मी म्हातारपणी विहारातल्या वर्गात बसून अक्षरं शिकली. वाकडी आहेत, पण कोणी वाढलेली नाहीत.

असो. येथे रेशनच्या दुकानासमोर लाल मिलोसाठी, त्या अमेरिकेच्या ज्वारीसाठी, झोंबाझोंबी चालते. बाजाराच्या दिवशी बाहेरून पोलीस आणतात. नागोरावची पाळी आली तर माझ्या घरी जेवल्याबिगर जाऊ नये म्हणून सांग. नाहीतर तू म्हणशील, अक्कानं पाण्यालेही विचारलं नाही.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवशील तर त्याचीही दवंडी देशील.

तुझी अक्का,
तुळसाबाई


दारव्हा,
ता. २० सप्टेंबर १९६५

ती. तुळसाअक्का हिला धाकट्या पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र पावलं. वाचताना जीभ पोळली, पण तुझ्या हातचं तिखट मला नवीन नाही.

चड्डी अंगावर अशी बसली की जमादारसाहेबांनी विचारलं, शिंपी कोण. नागोरावनं अभिमानानं सांगितलं, माझा भाऊ आहे. तेव्हा मारोतीला म्हणावं, मन लहान करू नको. टेपानं माणूस लहानमोठा होत नाही. आणि म्हशीचं दूध मी तुला नाही म्हटलं का कधी? तूच नेलं नाहीस.

नागोरावचा वर्दीतला फोटो काढला. भिंतीवर लावला तर शेजारच्या आयाबाया पाहायला येतात. आपल्या वस्तीतला हा पहिला पोलीस. ज्यांच्या दारात आपले बाबा निरोप घेऊन उभे राहायचे, ते आता नागोरावला बसायला खाट टाकतात. अक्का, हे पाहायला आईबाबा हवे होते.

आणि एक सांगते, तुला बरं वाटेल. बाबा कोतवालकी करून घरी आले की बिल्ल्याचा पट्टा आधी दाराजवळच्या खुंटीवर टांगायचे, मग पाय धुवायचे. तोवर आई वाढायची नाही. एकदा ते घाईत पट्ट्यासकट बसले, तर तिनं समोरचं ताट उचललं होतं. म्हणायची, सरकार खुंटीवर, माणूस ताटावर. ही रीत मी नागोरावला लहानपणी गोष्टीसारखी सांगितली होती. तो आजही पाळतो. कमरेला पट्टा असला की घास घेत नाही. बरोबरचे शिपाई हसतात. हा म्हणतो, आमच्या घराण्याचा कायदा आहे.

बाजाराच्या दिवशी त्याला तिकडचाच बंदोबस्त मिळेल असं म्हणतात. तुझ्या घरी जेवेलच. फार तिखट घालू नको, भाजीतही आणि बोलण्यातही.

मोठेपणानं माया करत जा.

तुझी,
पंचफुला


आर्णी,
ता. ९ ऑक्टोबर १९६५

पंचफुलाले जयभीम. आज क्षेम लिहीत नाही, कारण नाही.

जेवायले बोलावल्याचं फळ ऐक. उलटसुलट तुझ्या कानावर येण्याआधी मी पाह्यलं तेवढंच लिहिते.

बाजाराच्या दिवशी सकाळी रेशनच्या दुकानापाशी दंगल झाली. पोती कमी आली, लोक दारावर चढले, कोणी दगड फेकले. जमादाराच्या कपाळातून रक्त निघालं. मग काठ्या चालल्या. नागोरावनंही चालवली, त्यात रांगेतल्या म्हाताऱ्या सुखीबाईले ढकललं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. दगड खात कोण उभा राहीन. पुढं गर्दी पांगली, दुकानाले कुलूप लागलं, आणि जमादारानं शिपायांले जेवून यायले सांगतलं.

नागोराव माझ्या घरी आला. टोपी काढली, पट्टा काढला, खुंटीवर टांगला. मले काही सांगावं लागलं नाही. काठी भिंतीले टेकवून अंगणात माझ्या पाटावर बसला. मी भाकर, वांग्याची भाजी आणि एक अंडं वाढलं. घरात अंडं एकच होतं. तुझ्या घरी जाऊन सांगीन म्हणून त्याच्या ताटात घातलं, लपवत नाही.

तेवढ्यात मारोती रिकामी थैली घेऊन आला. रांगेत तोही होता, फक्त त्यानं दगड मारला नाही. उंबऱ्यावर उभा राहून त्यानं ताटातलं अंडं पाह्यलं, मग नागोरावले म्हणे, सरकारनं तुझी छाती मोजून घेतली ते सुखीबाईसारख्या म्हाताऱ्या बाईले ढकलायसाठी काय. खरं म्हणजे बोलणं अंड्याचं होतं, सुखीबाई वरून घातली. नागोराव म्हणे, तुझी भरली असती तर तूही हेच केलं असतं. मारोती म्हणे, मी भाकरीसाठी रांगेत उभं असलेल्याले मारलं नसतं, आणि तेच हात घेऊन त्याच्या घरी जेवलोही नसतो.

नागोराव उष्ट्या हातानं उठला. काठी घेतली आणि मारोतीवर टाकली. पोरानं उजवा हात आडवा धरला. मनगटाचा आवाज मी ऐकला, वाळली पऱ्हाटी मोडल्यावाणी. काठीले भाजी लागली होती, पंचफुला. ते मले दिसलं.

मग बाहेर शिट्टी वाजली. नागोरावनं टोपी डोक्यावर ठेवली, काठी घेतली आणि पळाला. पट्टा खुंटीवर राह्यला. अजून तेथेच आहे, पितळी बक्कल आणि मागं नंबर.

मारोतीच्या हाताले दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणे, जुळीन पण सरळ जुळीन असं नाही. शिंप्याचं पोरगं, उजवा हात. तू दुसरी पास आहेस, पुढचं तूच वाच.

तुळसाबाई


दारव्हा,
ता. १८ ऑक्टोबर १९६५

ती. अक्काला सविनय जयभीम. वि. वि. पत्र वाचून घरात चूल पेटली नाही.

मारोतीच्या हाताचं ऐकून मला वाईट वाटलं, हे तू मानणार नाहीस तरी लिहिते. पण अक्का, कागद वेगळं सांगतो. जमादारसाहेबांनी अहवाल लिहिला आहे की मारोती दुकानासमोर दगड फेकणाऱ्यांत होता, गर्दी पांगवताना त्याला काठी लागली, आणि त्याच झटापटीत नागोरावचा पट्टा गर्दीनं ओढून नेला. नागोराव मान खाली घालून म्हणतो, असंच झालं. मी पुन्हा विचारलं नाही.

जमादारसाहेबांनी मला बसवून कायदाही समजावून सांगितला. बेकायदा जमलेली गर्दी पांगवताना शिपायाच्या हातून कोणाला लागलं, तर सरकारच्या मंजुरीशिवाय त्याच्यावर खटला उभा करता येत नाही. कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे. असा कायदा नसला तर दगडांपुढे कोणता शिपाई उभा राहील? प्रत्येक काठीमागे एक कोर्ट लागेल. मला ते पटलं. आई लेकराला पदराआड घेते, तसं सरकार आपल्या माणसाला घेतं.

तेव्हा कोर्टाच्या भानगडीत पडू नका. मारोतीच्या औषधपाण्याचं आम्ही बघू. आणि तो पट्टा देवसिंगाच्या हाती गुपचूप पाठवून दे. थैलीत घालून वरून तूर टाक, म्हणजे तोही विचारणार नाही.

रागावू नको. तुझा राग नागोरावच्या काठीवर किती आणि माझ्या भिंतीवरच्या फोटोवर किती, हे तूच तुझ्या मनाला विचार.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
पंचफुला


आर्णी,
ता. ५ नोव्हेंबर १९६५

पंचफुलाले जयभीम.

मनाले विचारलं. मन म्हणे, अर्धा अर्धा. आता समाधान झालं असेल.

तूर पाठवत नाही आणि पट्टाही पाठवत नाही. गर्दीनं ओढून नेलेला पट्टा माझ्या खुंटीवर बक्कल सोडून, सरळ, पितळ बाहेर करून कसा टांगला गेला? आर्णीची गर्दी एवढी टापटिपीची मी पाह्यली नाही. तुझ्या जमादारानं अहवाल लिहिला तेव्हा माझं अंगण त्याच्या कागदात मावलं नाही. आणि पट्टा गर्दीत गेला असं तू म्हणतेस, तर माझ्याकडे कायले मागतेस?

मारोतीनं भगवानराव वकिलाकडून फिर्याद लावली आहे. पहिल्याच तारखेले मॅजिस्ट्रेट म्हणे, अहवालात गर्दी लिहिली आहे, मग सरकारची मंजुरी आणा. मंजुरीचा अर्ज मुंबईले गेला. मुंबईत खुर्चीवर बसून त्या सायबाले माझा पाट कसा दिसणार, त्यावरचं उष्टं ताट कसं दिसणार? भगवानराव म्हणे, मारलं ते अंगणात, जेवताना, हे शाबीत झालं तर मंजुरीचं कामच नाही. तेव्हा तो शिपाई नव्हता, घरचा माणूस होता. घरच्यानं घरच्याले मारलं तर मुंबईले विचारावं लागत नाही.

पदराची गोष्ट तू लिहिलीस. पदराआड लेकरू घ्यावं, हे मले मान्य. दुकानासमोर तो पदराआड होता, मी काय म्हटलं? पण लेकरू पदराआडून हात काढून दुसऱ्याच्या लेकराले मारते, तेव्हा आईनं पदर झटकावा लागते. सरकारले नातू नाहीत म्हणून त्याले हे समजत नाही.

अडचण एकच आहे. वकील मले स्पष्ट म्हणे, आजी, तुमच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवणार नाही. का, तर बहिणीवर तुम्ही जळता हे गावाले माहीत आहे. मी म्हटलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. भरतीचा निकाल लागला त्या दिवशी मी विहिरीवर सगळ्या बायांपुढं म्हटलं होतं की पंचफुलाच्या घरी डांगर लावलं तरी आंबे येतात. ते आता माझ्यापुढं आणतील. जन्मभर जळून एवढंच मिळालं, की खरं बोलायची वेळ आली तर धूर मध्ये येते.

मारोती डाव्या हातानं कात्री धरून पाहते. कापड वाकडं कापल्या जाते. मी काही बोलत नाही, हे तुले खरं वाटणार नाही.

तुळसाबाई


दारव्हा,
ता. २ जानेवारी १९६६

ती. अक्काला जयभीम.

इतके दिवस लिहिलं नाही. तारीख लागली आहे आणि तू पट्टा घेऊन येणार असं कळलं. मग ऐक.

तू जळतेस हे मला आजचं माहीत नाही. बाबांनी मला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं, तू मागून चालत आलीस, ते तू अजून चालतेच आहेस. माझ्या लग्नात लुगडं चांगलं आलं म्हणून तू जेवली नाहीस. माझी म्हैस व्याली तर तू म्हणालीस, पारडूच झालं ना. मी सगळं हसून घेतलं. पण नागोरावला आईबाप नाहीत. त्याला मी दुधावर वाढवला, रोज पळायला उठवला. पट्टा तू कोर्टाच्या टेबलावर ठेवलास, की त्याची नोकरी गेली. तो एकटा जाणार नाही. उद्या आपलं दुसरं पोर भरतीला उभं राहिलं तर साहेब म्हणतील, यांना घेऊन पाहिलं.

मारोतीचा हात मोडला, खरं. पण हात एकाचा आहे, आणि वर्दी साऱ्या वस्तीची आहे. तू मोठी आहेस, तुला हे वजन कळत नाही का?

तू आलीस तर मीही येईन. नागोरावच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलं आहे. मी सांगेन की ही बाई लहानपणापासून माझ्यावर जळते. शपथेवर सांगेन, आणि त्यात खोटं काहीच नसेल.

पंचफुला


आर्णी,
ता. २४ फेब्रुवारी १९६६

पंचफुलाले जयभीम.

काल तुझ्या गावी येऊन गेली. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आपली भाकर आपण खाल्ली. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे, तुझ्या म्हशीचं ओरडणं ऐकू येत होतं. आली नाही. तूही पाणी पाठवलं नाहीस, बरोबर केलंस.

काय झालं ते कोणी मीठ लावून सांगण्याआधी मीच लिहिते.

मी पट्टा टेबलावर ठेवला आणि पाह्यलं ते सांगतलं. मग सरकारी वकील उठला. चांगला गोरागोमटा माणूस, आवाज मऊ. मले म्हणे, आजीबाई, बहिणीचा नातू पोलिसात लागला आणि तुमचा लागला नाही, याचं तुम्हाले वाईट वाटलं की नाही. मी म्हटलं, वाटलं. म्हणे, तुम्ही बहिणीवर जळता का. सगळं कोर्ट कान टवकारून बसलं. मी म्हटलं, जळते. ती जन्मली त्या दिवसापासून जळते, आईच्या कुशीतली माझी जागा गेली तेव्हापासून. आजही जळते, तिच्या वकिलाचा कोट माझ्या वकिलाच्या कोटापेक्षा चांगला आहे. लोक हसले. मॅजिस्ट्रेटनं पेन्सिल आपटली. मग मी म्हटलं, पण सायेब, माझ्या जळण्यानं पोराचं मनगट मोडलं नाही, आणि माझ्या जळण्यानं पट्टा खुंटीवर चढला नाही. तो त्यानं आपल्या हातानं टांगला.

वकील म्हणे, गर्दीत पडलेला पट्टा मारोतीनं उचलून आणला नसेल कशावरून.  पट्टा बोलत नाही.

बाहेर आल्यावर भगवानराव म्हणे, नागोराव जेवताना पट्टा काढते याचा काही पुरावा आहे का. मी म्हटलं, बहिणीनं पत्रात लिहिलं आहे. तो उडालाच, म्हणे पत्र द्या. मी नाही म्हटलं. तो चिडला, मारोतीही माझ्याकडे पाह्यले लागला. पण बहिणीनं बहिणीले नातवाचं कौतुक लिहिलं, ते मी तिच्याच नातवावर चालवू? भांडण मले करता येते, चोरी करता येत नाही. पत्र पिठाच्या डब्यात आहे, तेथेच राहीन.

पुढच्या तारखेले तुझी पाळी. काय सांगायचं ते सांग. माझं जळणं तर सांगून झालं, आता तुझ्यासाठी काही उरलं नाही.

तुळसाबाई


दारव्हा,
ता. ३० मार्च १९६६

ती. अक्काला जयभीम.

कोर्टात तू मागच्या बाकावर होतीस, सगळं ऐकलंस. तरी लिहिते, कारण आज घरात बोलायला कोणी नाही. नागोराव बाहेर ओट्यावर बसला आहे. आत ये म्हटलं तर येत नाही.

मी ठरवून गेले होते. सरकारी वकिलांनी शिकवलं होतं की एवढंच सांगा, तो पट्ट्याला जिवापाड जपतो, कामावर असताना कमरेचा पट्टा कधी सोडत नाही. म्हणजे पट्टा गेला तो गर्दीनं ओढूनच गेला. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तेवढ्यावर थांबायचं होतं. पण समोर नागोराव वर्दीत उभा, सगळं कोर्ट माझ्याकडे बघतंय, आणि माझ्या तोंडून पुढचं गेलं, की जेवताना तेवढा काढतो, आमच्या घरची रीतच आहे. भगवानरावांनी लगेच उठून विचारलं, कसली रीत. मी सांगितलं. सरकार खुंटीवर, माणूस ताटावर. अक्का, ते मी म्हटलं नाही. आवाज आईचा होता.

मग मॅजिस्ट्रेटनी नागोरावलाच विचारलं, त्या दिवशी जेवला होता का, कुठे. त्यानं वकिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, मोठ्या आजीच्या अंगणात. अंडं वाढलं होतं, ते ताटातच राहिलं. मग म्हणाला, पट्टा मीच टांगला होता.

मॅजिस्ट्रेटनी लिहून टाकलं की मंजुरीची गरज नाही, खटला चालेल. जमादारसाहेब माझ्यासमोरून गेले, ओळख दिली नाही. भिंतीवरचा फोटो मी उतरवून पेटीत ठेवला.

मी तुझ्यावर जळणारी नव्हते कधी. आज जळते. तुझ्या नातवाचा हात मोडला, पण तो मान वर करून घरी गेला.

पंचफुला


आर्णी,
ता. ११ जुलै १९६६

चि. पंचफुलाले मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडील क्षेम आहे, तुझं क्षेम या वेळेस मीच विचारते.

निकाल लागला. नागोरावनं कबूल केलं म्हणून कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची कैद आणि वर दंड. तेवढ्यानं भागलं, पण नोकरी गेली. मले वाटलं होतं, हे ऐकून मी पोटभर जेवीन. भाकर तोंडात फिरत राह्यली. भलत्या वेळी भूक जाते, हा म्हातारपणाचा दोष असेल.

आता माझी तक्रार ऐक. येथे विहारात, विहिरीवर, बाजारात एकच गोष्ट चालू आहे, की पंचफुलाबाईनं आपल्या नातवाविरुद्ध खरी साक्ष दिली, काय बाई आहे. पट्टा महिनोन्‌महिने सांभाळला मी. मोटरीत मांडीवर घेऊन गेली मी. भर कोर्टात जळते म्हणून सांगून आपली शोभा करून घेतली मी. आणि वाहवा तुझी. सुखीबाई, जिले तुझ्याच नातवानं ढकललं, ती मले म्हणे, तुमची बहीण फार मोठ्या मनाची. मी खरं बोलली तर धूर, तू खरं बोललीस तर उदबत्ती. याच्यावर मी आणखी दहा वर्षं जळीन.

तू लिहिलंस, तोंडून निसटलं, आईचा आवाज होता. लोकाले तसंच सांग. मले सांगू नको. तू दुसरी पास आहेस. भगवानरावनं कसली रीत विचारलं तेव्हा तू पदर सावरला, त्या वकिलाच्या डोक्यावरून माझ्याकडे पाह्यलं आणि मगच बोललीस. मी मागच्या बाकावर होती, आंधळी नव्हती. याबद्दल पुन्हा लिहिणार नाही, तूही लिहू नको.

फोटो पेटीत कायले ठेवला? कसर लागीन. लाव भिंतीवर. पोरगं वर्दीत देखणं दिसते. मले ते आवडत नाही, पण दिसते.

आता कामाचं. मारोतीचं मनगट वाकडं जुळलं. मशीन चालवते, पण जाड कापडावर कात्री चालत नाही. येथे कापसाच्या जिनिंगवाल्याचे जाड तागे शिवायले आले आहेत, त्याले कापणारा माणूस पाहिजे. नागोरावच्या हाताले जोर आहे, तो साऱ्या आर्णीनं पाह्यला. त्याले म्हणावं ये. हे मी मारोतीच्या माघारी लिहीत नाही. त्याले विचारलं तेव्हा तो बराच वेळ बॉबिन भरत राह्यला. मग म्हणे, मापं मी घेईन, त्यानं नुसतं कापावं. दोघं बोलतील की नाही ते मी सांगू शकत नाही. शिलाईच्या दुकानात मशीनचा आवाज असते, बोललंच पाहिजे असं नाही.

त्याच्यासंग तू येऊ नको. आलीस तर तो तुझ्याच हातचं जेवीन, आणि मले ते पाह्यलं जात नाही. दिवाळीनंतर ये.

अंडी मी दोन ठेवली आहेत. खुंटी आहे तेथेच आहे. आता त्याच्याजवळ टांगायले काही नाही. माणूस तेवढा येऊ दे.

लोभ कमी झाला नाही, हे तुले कळावं म्हणून लिहिलं, दवंडीसाठी नाही.

तुझी अक्का,
तुळसाबाई